पैसा पर्वरीचा, निर्णय पठारावरचा

सरकारने पैसा द्यायचा, पण काय शिकवायचे, कोणी शिकवायचे आणि कोणाला पदवी द्यायची हे सरकारने ठरवायचे नाही, ही मागणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आगाऊ वाटते. पैसा करदात्याचा आहे, मग करदात्याने निवडून दिलेल्या माणसांनी त्यावर हुकमत का गाजवू नये? प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावणारे प्राध्यापक विद्यापीठाचे भले करत नाहीत. पैशाचा हिशेब मागायलाच हवा, पै न् पैचा मागायला हवा. पण पैशाचा हिशेब ज्या खिडकीतून मागितला जातो, त्याच खिडकीतून अभ्यासक्रमाची, नेमणुकीची आणि संशोधनाच्या निष्कर्षाची मागणी येऊ लागली की विद्यापीठ हे सरकारचे आणखी एक खाते होते. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच हे स्वच्छ लिहून ठेवले होते : उच्च शिक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, पण राज्याची मदत आणि शैक्षणिक धोरणावरचे राज्याचे नियंत्रण यांची गल्लत करू नये.

गोव्यात या तत्त्वाची गरज का आहे, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. खाणींचा प्रश्न घ्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द केले. या सगळ्या काळात सरकार एका बाजूला महसूल मोजत होते आणि दुसऱ्या बाजूला नियमनही करत होते. नदीत किती गाळ गेला, शेतात किती माती उतरली, खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, पाण्याचे काय झाले, हे मोजणारा माणूस सरकारच्या पगारावर असेल, पण त्याची नोकरी, बढती आणि प्रयोगशाळेचा निधी खाणखात्याला न आवडणारा आकडा छापल्यामुळे धोक्यात येत नसेल, तरच त्या आकड्याला किंमत. म्हादईचे पाणी, किनारपट्टीचे आराखडे, कॅसिनोंचे अर्थकारण, कुठलाही विषय घ्या, त्यात सरकार हा पक्षकार आहे. राज्याला आपल्याच बाजूचे नसलेले, तरी आपल्याच पैशातून उभे राहिलेले ज्ञान लागते. ते विकत घेता येत नाही. सल्लागार कंपनी अहवाल देते तो ज्याने पैसे मोजले त्याच्यासाठी असतो.

दुसरे कारण काळाचे. विधानसभेची मुदत पाच वर्षांची. एखादा विषय विद्यापीठात रुजायला, म्हणजे चार चांगले अध्यापक मिळायला, ग्रंथालयात त्या विषयाचे कपाट भरायला, पहिली दहा-बारा पीएच.डी. नीट बाहेर पडायला, पंधरा-वीस वर्षे लागतात. पाच वर्षांच्या घड्याळावर वीस वर्षांचे काम बांधले की दर निवडणुकीनंतर पाया उकरला जातो.

गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा आणि विद्यापीठाचे काम सुरू झाले १ जून १९८५ रोजी. त्याआधी गोव्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर अध्यापन व संशोधन केंद्र होते. पोर्तुगीज काळात इथे १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, १८५४ पासून लिसेव म्हणजे माध्यमिक विद्यालय होते, पण विद्यापीठ नव्हते. पुढचे शिकायचे तर कोइंब्रा, लिस्बन किंवा मुंबई, पुणे, धारवाड. म्हणजे आपले विद्यापीठ हे गोव्याने स्वतःच्या कायद्याने, स्वतःच्या तिजोरीतून उभे केलेले पहिले. राज्यपाल पदसिद्ध कुलपती, त्यांच्याखाली कुलगुरू, मग कार्यकारी परिषद, विद्या परिषद, वित्त समिती, अभ्यास मंडळे. कागदावर ही रचना देशातल्या बहुतेक विद्यापीठांसारखीच आहे.

फरक आहे तो गोव्याच्या आकाराचा. विधानसभेचे ४० आमदार आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख लोकसंख्या. विद्यापीठ ज्यावर उभे आहे त्या ताळगावच्या पठारावरून मांडवीपलीकडचे पर्वरी, म्हणजे विधानसभा आणि सचिवालय, अर्ध्या तासावर, दोनापावलचे राज्यपालांचे निवासस्थान त्याहून जवळ. मंत्री, सचिव, प्राचार्य, परिषदेचा सदस्य आणि नोकरीला अर्ज केलेला उमेदवार हे एकाच जत्रेत भेटतात, एकाच लग्नात शेजारी बसून जेवतात. मोठ्या राज्यात अंतर आपोआप पडते, इथे ते मुद्दाम राखावे लागते. म्हणून गोव्यात विद्यापीठाचे स्वातंत्र्य कोणाच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही, ते कलमात, मुदतीत, कोरममध्ये आणि हप्त्याच्या तारखेत बांधले गेले पाहिजे. मला या विषयात सांगायचे आहे ते एवढेच आणि पुढचा सगळा तपशील त्याचाच आहे.

ही कल्पना गोव्याला नवी नाही. देवस्थानांचा १९३३ चा माझानी कायदा आठवा. महाजन आपल्यातून दर तीन वर्षांनी समिती निवडतात, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार. अंदाजपत्रक मामलेदाराकडे जाते, हिशेब तो तपासतो. पण उत्सवाची परंपरा, मानपान, सेवेचा क्रम मामलेदाराच्या टेबलावर ठरत नाही. वाद होतात, कोर्टात जातात, तरी कोणाचा अधिकार कुठे संपतो हे गावातल्या माणसाला तोंडपाठ असते. विद्यापीठाच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसालाही ते सांगता येत नाही आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

जगात हे अंतर राखण्याचा सर्वांत नेटका प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. १९१९ मध्ये तिथे विद्यापीठ अनुदान समिती नेमली गेली. समिती शिक्षणखात्याखाली नव्हती, थेट अर्थखात्याशी जोडलेली होती. विद्यापीठे आपल्या गरजा समितीला सांगत, समिती सगळ्यांची मिळून एक रक्कम अर्थखात्याकडे मागत, रक्कम पाच वर्षांसाठी ठरे आणि मग कोणाला किती द्यायचे ते समिती ठरवी. विद्यापीठाच्या हातात पडणारे अनुदान एकठोक असे. त्यातून प्राध्यापक नेमायचा की दुर्बीण घ्यायची हा निर्णय विद्यापीठाचा. मंत्र्याला एखाद्या विशिष्ट विद्यापीठावर राग काढायचा असेल तर त्याच्या हातात तसे बटणच नव्हते.

मग हे मोडले कसे? कोणी कट करून मोडले नाही. १९६४ मध्ये समिती अर्थखात्याकडून शिक्षणखात्याकडे गेली. १९७३-७४ च्या तेलसंकटानंतर महागाई इतकी चढली की पाच वर्षांपूर्वी ठरवलेल्या रकमेला अर्थ उरला नाही, पंचवार्षिक पद्धत कोसळली आणि वर्षावर्षाचे अनुदान आले. १९८१ मध्ये सरकारने मोठी कपात केली. ती वाटण्याचे काम समितीनेच केले आणि सॅल्फर्डसारख्या विद्यापीठाचे अनुदान चाळीस टक्क्यांहून अधिक कापले गेले. समिती होती, माणसे प्राध्यापकच होती, पण ढाल म्हणून नेमलेली समिती कात्री म्हणून वापरली गेली. १९८९ मध्ये ती बरखास्तही झाली. यातून शिकण्यासारखे दोन मुद्दे आहेत. बहुवार्षिक अनुदानाला महागाईचा निर्देशांक जोडलेला नसेल तर ते पहिल्याच वादळात जाते. आणि मधली संस्था कोणत्या खात्याखाली बसते, हा कारकुनी वाटणारा तपशील खरा निर्णायक असतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : १९६८ पासून ब्रिटिश विद्यापीठांची हिशेबाची पुस्तके सरकारी महालेखापरीक्षकाला खुली झाली. तेव्हा आरडाओरडा झाला होता, पण लेखापरीक्षणाने कोणाचा अभ्यासक्रम बदलला नाही. जे मोडले ते पैसा वाटण्याच्या पद्धतीमुळे मोडले.

आपल्याकडचा विद्यापीठ अनुदान आयोग नाव तेच घेऊन आला, १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले, पण राज्य विद्यापीठांच्या बाबतीत त्याने ते काम कधी केलेच नाही. केंद्रीय विद्यापीठांचा चालू खर्च आयोगाकडून येतो. राज्य विद्यापीठाला, आयोगाच्या कायद्यातील १२ ब कलमाखाली ते पात्र असेल तर, विकासाचे अनुदान तेवढे मिळे आणि पगार राज्य सरकार देई. म्हणजे गोवा विद्यापीठ आणि पर्वरी यांच्यामध्ये उभी राहणारी संस्थाच नाही. २०१३ पासून विकासाचा पैसाही केंद्राच्या उच्चतर शिक्षा अभियानातून राज्यामार्फत येऊ लागला, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. राज्याने आपले ४० वेळेत टाकले नाहीत की केंद्राचे ६० अडकतात आणि वर्षअखेरीस ‘विद्यापीठाला खर्च करता आला नाही’ असा शेरा विद्यापीठाच्याच नावावर पडतो.

पगाराचा पैसा येतो कसा, तेही पाहू. विद्यापीठ अंदाजपत्रक करते, वित्त समिती ते पाहते, कार्यकारी परिषद मंजूर करते. मग ते उच्च शिक्षण संचालनालयाकडे, तिथून सचिवालयात, वित्तखात्यात आणि शेवटी विधानसभेत मागणी म्हणून. रक्कम मंजूर झाली तरी एकदम हाती येत नाही, हप्त्यांनी येते. बहुतेक राज्यांत अनुदान तुटीचे असते : मान्य खर्चातून विद्यापीठाचे उत्पन्न वजा करायचे आणि उरेल ते सरकारने द्यायचे. ऐकायला बरोबर वाटते. परिणाम मात्र उलटा होतो. विद्यापीठाने प्रशिक्षणवर्ग चालवून, सल्लागारीतून किंवा देणगीतून एक रुपया कमावला तर पुढच्या वर्षी अनुदान एक रुपयाने कमी होऊ शकते. मग कमवायचे कशाला? आणि वाचवले तर आणखी वाईट, कारण न वापरलेली रक्कम परत जाते आणि पुढच्या वर्षी ‘तुम्हाला एवढे लागलेच नव्हते’ म्हणून तळाचा आकडाच खाली येतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत खुर्च्या, संगणक आणि रंगकाम यांची धांदल उडते. ही उधळपट्टी माणसांच्या स्वभावातून येत नाही, अनुदानाच्या सूत्रातून येते.

केंद्राच्या पैशाला तर आणखी अटी. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, नमुना १२-अ. अनुदान बँकेत असताना मिळालेले व्याजही परत भरायचे. प्रमाणपत्र एका प्रकल्पाचे अडले तर पुढच्या हप्त्याला खीळ बसते आणि दुसऱ्या विभागातल्या संशोधन सहायकाचे विद्यावेतन थांबते, ज्याचा त्या चुकीशी काही संबंध नसतो. ही शिस्त नको असे मी म्हणत नाही. महालेखापालांच्या १९७१ च्या कायद्यात १४ वे कलम आहे : सरकारी अनुदान २५ लाखांहून कमी नसेल आणि संस्थेच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नसेल, तर महालेखापाल त्या संस्थेचे हिशेब तपासतात. हे अगदी योग्य आहे. खर्च झाल्यावर काटेकोर तपासणी करा, अहवाल विधानसभेपुढे ठेवा, दोषी असेल त्याच्याकडून वसूल करा. नको आहे ते खर्चाआधी प्रत्येक पावलावर परवानगी मागायला लावणे. आधीची परवानगी म्हणजे नियंत्रण आणि नंतरची तपासणी म्हणजे उत्तरदायित्व.

हे सर्वांत स्पष्ट दिसते एका रिकाम्या पदाच्या प्रवासात. समजा एका विभागातला सहायक प्राध्यापक महिनाअखेरीस निवृत्त झाला. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते, तरी पद भरण्याची टिपणी बहुधा तो गेल्यावर सुरू होते. विभागप्रमुखाचे पत्र कुलसचिवांकडे. मग आरक्षणाची बिंदुनामावली तपासायची : हा बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, अनुशेष किती. इथे एक चूक झाली तर दोन वर्षांनी न्यायालयात सगळी निवड उडते, म्हणून हे काम घाईने करून चालत नाही. मग पद ‘जिवंत’ आहे का, म्हणजे ते भरायला वित्तखात्याची हरकत नाही ना, हे विचारायचे. इथेच महिने जातात. पद मंजूर आहे, पगाराची तरतूद अंदाजपत्रकात आहे, तरी पुन्हा परवानगी. ती आली की जाहिरात, अर्ज, छाननी. निवड समितीत कुलगुरू अध्यक्ष, कुलपतींनी नेमलेला एक शिक्षणतज्ज्ञ, बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि राखीव प्रवर्गांचे प्रतिनिधित्व करणारा सदस्य. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कोरमला किमान चार जण हवेत आणि त्यांत दोन तरी बाहेरचे विषयतज्ज्ञ हवेत. हे तज्ज्ञ कुलगुरूंनी मनाने बोलवायचे नसतात, विद्यापीठाच्या वैधानिक मंडळाने मंजूर केलेल्या यादीतूनच घ्यायचे असतात. ही यादी जुनी झालेली असते, त्यातले कोणी निवृत्त, कोणी परदेशी. ऐनवेळी एक तज्ज्ञ आला नाही, मुलाखत पुढे. मध्येच पंचायतीची किंवा लोकसभेची आचारसंहिता लागली, परवानगीचे नवे पत्र. शेवटी निवड झाली तरी कार्यकारी परिषदेची मान्यता राहतेच.

तोवर वर्ग कोण घेतो? कंत्राटी किंवा लेक्चर बेसिसवरचा माणूस. तो बरेचदा उत्तम शिकवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचे कंत्राट दर सत्राला किंवा दर वर्षाला नव्याने होते. तो अभ्यास मंडळात नसतो, त्याच्या नावावर संशोधन प्रकल्प सहजी मिळत नाही आणि ज्या प्रश्नावर सरकार अस्वस्थ होईल त्याला तो हात लावत नाही. त्याला कोणी धमकी देत नाही, द्यावी लागतच नाही. विद्यापीठाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा सर्वांत स्वस्त, बिनबोभाट मार्ग म्हणजे मंजूर पदे रिकामी ठेवणे. त्याला कायद्यात दुरुस्ती लागत नाही आणि वर्तमानपत्रात बातमीही येत नाही.

एक गोष्ट इथे जोडून सांगायला हवी. गोव्यातल्या सरकारी नोकरीच्या जाहिरातीत पंधरा वर्षांचा निवासी दाखला, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट, ही अट सगळ्यांच्या ओळखीची आहे. कारकुनाच्या, शिपायाच्या, तलाठ्याच्या पदाला ती योग्यच आहे, लोकांशी लोकांच्या भाषेत बोलायला हवे. अध्यापनपदाला ती जशीच्या तशी लावायची का, हे मात्र विद्यापीठाने स्वतःच्या परिनियमात, विद्या परिषदेत खुली चर्चा करून ठरवावे. स्थानिकांना डावलले जाऊ नये ही भीती खरी आहे आणि बाहेरून आलेल्या भूगर्भशास्त्रज्ञाने दोन वर्षांत भाषा शिकावी अशी अट घालणे शक्यही आहे. दोन्ही बाजू ऐकून विद्यापीठाने चुकीचा निर्णय घेतला तरी तो त्याचा असेल आणि सुधारता येईल.

आता कुलगुरूंची निवड, कारण भांडण नेहमी तिथेच होते. २०१८ च्या नियमांनुसार उमेदवाराला प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव, किंवा नामांकित संशोधन अथवा शैक्षणिक प्रशासन संस्थेतला तेवढाच अनुभव हवा. शोध समितीने तीन ते पाच नावे द्यायची. समितीतला एक सदस्य अनुदान आयोगाच्या अध्यक्षांनी नेमलेला आणि सदस्यांचा त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी कोणताही संबंध नसावा. हे नियम कागदी शोभेचे नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठातील कुलगुरूंची आणि केरळच्या तांत्रिक विद्यापीठातील कुलगुरूंची नेमणूक रद्द केली. केरळच्या प्रकरणात समितीने एकच नाव पाठवले होते. २०२३ च्या नोव्हेंबरात कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूकही गेली, कारण कुलपतींनी स्वतःची बुद्धी न वापरता राज्य सरकारच्या सांगण्यावरून सही केली, असे न्यायालयाला दिसले.

या निकालांवर काहींनी टाळ्या वाजवल्या, जणू राज्यपाल जिंकले म्हणजे विद्यापीठ जिंकले. मला तसे वाटत नाही. राज्यपाल केंद्राचे, मंत्रिमंडळ राज्याचे. लगाम एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर घोडा मोकळा झाला असे होत नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या डिसेंबरात कुलगुरूपदाची नावे राज्य सरकारमार्फत राज्यपालांकडे जावीत आणि मंत्री प्र-कुलपती व्हावा अशी दुरुस्ती विधिमंडळाने मंजूर केली, पुढे सरकार बदलल्यावर ती मागे घेतली गेली. २०२५ च्या जानेवारीत अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात शोध समिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे देण्याचा आणि उद्योग वा प्रशासनातली माणसेही पात्र धरण्याचा प्रस्ताव होता. बिगरभाजप राज्ये त्यावर तुटून पडली. दोन्ही वेळा वाद नेमणुकीचा हक्क कोणाचा याचा होता आणि दोन्ही वेळा विद्यापीठाच्या अध्यापकांना, पदवीधरांना कोणी विचारले नाही. भारतीय व्यवस्थापन संस्थांची गत याहून बोलकी आहे. २०१७ च्या कायद्याने संचालक नेमण्याचा अधिकार त्यांच्या नियामक मंडळांना दिला, देशभर कौतुक झाले, आणि २०२३ च्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना व्हिजिटर, म्हणजे पदसिद्ध प्रमुख, करून तो अधिकार मोठ्या प्रमाणात पुन्हा दिल्लीला नेला. संसदेच्या साध्या कायद्याने दिलेले साध्या कायद्याने काढता येते. म्हणूनच कॅलिफोर्नियाने १८७९ मध्ये आपल्या विद्यापीठाची स्वायत्तता राज्यघटनेतच लिहिली.

पोर्तुगालकडे गोव्याने या बाबतीत जरा लक्षपूर्वक पाहावे. सालाझारच्या राजवटीत १९३५ आणि १९४७ मध्ये नावाजलेल्या प्राध्यापकांना राजकीय मतांसाठी नोकरीवरून काढले होते. तो देश २००७ मध्ये उच्च शिक्षणाचा नवा कायदा करताना ही आठवण विसरला नाही. त्या कायद्याने प्रत्येक सरकारी विद्यापीठात १५ ते ३५ जणांची सर्वसाधारण परिषद आणली. निम्म्याहून अधिक सदस्य अध्यापक-संशोधकांनी आपल्यातून निवडलेले, किमान १५ टक्के विद्यार्थी, किमान ३० टक्के बाहेरचे. बाहेरचे सदस्य सरकार नेमत नाही, निवडून आलेले सदस्यच त्यांना निमंत्रित करतात आणि परिषदेचा अध्यक्ष त्या बाहेरच्यांपैकी असतो. रेक्टर, म्हणजे कुलगुरू, निवडण्याचे काम त्या कायद्याने या परिषदेकडे दिले. २००९ मध्ये पोर्तो, अवैरो आणि लिस्बनची एक संस्था याहून पुढे जाऊन सार्वजनिक प्रतिष्ठाने झाली : पैसा सरकारचा, मालमत्ता आणि नोकरभरती प्रतिष्ठानाची, वर पाच विश्वस्त, ज्यांची नावे संस्था सुचवते आणि सरकार नेमते.

‘प्रतिष्ठान’ म्हटले की स्वातंत्र्य आले, असे मात्र नाही. हंगेरीने २०२१ मध्ये आपली बहुतेक सरकारी विद्यापीठे अशाच प्रतिष्ठानांना सोपवली आणि विश्वस्त म्हणून मंत्री व सत्ताधारी पक्षाची माणसे मुदतीविना बसवली. सरकार बदलले तरी ती उठणार नाहीत अशी ती सोय होती. २०२२ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने या प्रतिष्ठानांशी नवे करार करण्यास मनाई केली आणि तिथल्या विद्यार्थ्यांची इरास्मस शिष्यवृत्ती अडचणीत आली. पोर्तुगाल आणि हंगेरी यांच्या कायद्यांत शब्द सारखेच आहेत. फरक आहे तो खुर्ची कोण भरतो आणि ती कधी रिकामी होते, या दोन ओळींत.

आपल्या परंपरेतही या विषयावर कणखर माणसे उभी राहिली आहेत. कर्झनचे विद्यापीठ विधेयक आले तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला, १९०४ मध्ये ते तरीही संमत झाले. १९२२ मध्ये बंगाल सरकारने कलकत्ता विद्यापीठाला अडीच लाखांची मदत अटींसह देऊ केली, विद्यापीठ कर्जात होते, पगार थकले होते, तरी कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी ती नाकारली आणि विद्यापीठ त्यांच्यामागे उभे राहिले. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले ते मातृभाषेतून शिकवणारे आणि सरकारी मान्यतेविना. ते १९२० मध्ये ठाकरसींच्या १५ लाखांच्या देणगीने तगले. या दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत, पण त्यांतून धोरण काढू नये. आशुतोष मुखर्जी दर पिढीत मिळत नाहीत आणि ठाकरसी तर त्याहून विरळा. देणगीदाराच्याही अटी असतात. विद्यापीठाला सरकारचाच पैसा हवा, कारण गरिबाच्या मुलीला परवडणारी फी दुसऱ्या कशातून येत नाही.

कोठारी आयोगाने स्वायत्ततेचे तीन थर सांगितले होते, त्यातला पहिला थर विद्यापीठे सोयीने विसरतात : विद्यापीठाच्या आतली स्वायत्तता. पर्वरीकडे स्वातंत्र्य मागणारे विद्यापीठ आपल्या विभागाला आणि संलग्न महाविद्यालयाला किती देते? मडगावच्या चौगुले महाविद्यालयाला स्वायत्त दर्जा मिळाला, आपला अभ्यासक्रम, आपली परीक्षा त्यांची ते करतात. स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांत एखाद्या अध्यापकाला मराठीच्या अभ्यासक्रमात गोमंतकीय संतसाहित्याचा किंवा तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार आणि मराठी रंगभूमी यांच्या तुलनेचा एक पेपर आणायचा असेल, तर अभ्यास मंडळ, विद्या परिषद, अधिसूचना असा वर्षभराचा रस्ता आहे. अभ्यास मंडळाची बैठक वर्षातून मोजक्या वेळा होते, कागद उशिरा पोचला की पुढचे शैक्षणिक वर्ष. २०२३-२४ पासून चार वर्षांच्या पदवीचा नवा आराखडा आला तेव्हा कितीतरी विषयांचे अभ्यासक्रम घाईने लिहावे लागले, कारण तारीख वरून आली होती आणि मजकूर खालून जमवायचा होता.

गोव्यात काय करता येईल? फार मोठे काही नाही, पण नेमके. पगाराव्यतिरिक्तचे अनुदान तीन वर्षांसाठी एकठोक ठरवावे आणि त्याला महागाई भत्त्याशी जोडावे. स्वकमाई अनुदानातून वजा करू नये, निदान तिचा अर्धा भाग तरी. एकदा मंजूर झालेले पद रिकामे झाल्यावर भरायला वित्तखात्याची पुन्हा परवानगी लागू नये आणि निवृत्तीच्या एक वर्ष आधी टिपणी सुरू व्हावी. तज्ज्ञांची यादी दर दोन वर्षांनी नवी करावी. कुलगुरूंची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी शोध समिती नेमलीच पाहिजे, असे परिनियमात तारखेसह लिहावे, कारण प्रभारी कुलगुरू कितीही सज्जन असला तरी मोठा निर्णय घेत नाही आणि त्याला पुढची नेमणूक हवी असेल तर घेऊच शकत नाही.

सामान्य पदवीधराच्या हातातही थोडे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, विभागवार. गेल्या तीन वर्षांत अनुदानाचा प्रत्येक हप्ता कोणत्या तारखेला आला. कार्यकारी परिषदेच्या बैठकांची इतिवृत्ते आणि त्यांत किती जागा रिकाम्या होत्या. कोणत्या ठरावाला सरकारकडून उत्तर आलेच नाही. यातले बरेचसे कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे विद्यापीठाने न विचारताच संकेतस्थळावर ठेवायला हवे. विधानसभेच्या अधिवेशनात आपल्या आमदाराला प्रश्न टाकायला सांगायचा असेल तर ‘विद्यापीठात काय चालले आहे’ असे मोघम विचारू नये, त्यावर मंत्री गोड बोलून बसतात. वित्तखात्याकडे पदभरतीच्या किती फायली आहेत आणि त्यातली सर्वांत जुनी कोणत्या तारखेची, एवढेच विचारायला सांगावे.